साचेवाल्यांची पोरं

आम्ही गिरणगावातली पोरं मोठ्याने बोलतो. लालबाग, परळ, करी रोड, शिवडी, कुठल्याही चाळीत वाढलेलं माणूस आज साठीला आलेलं असलं तरी त्याचं फोनवरचं बोलणं शेजारच्या घरात ऐकू जातं. याचं मूळ साचेखात्यात आहे. आमचे बाप कापड गिरणीतले साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. एका छपराखाली शेकडो साचे धडधडत असताना माणसाचा आवाज पोचायचाच नाही, म्हणून आत हातवाऱ्यांवर आणि ओठांच्या हालचालीवर काम चालायचं. पाळी सुटली तरी कानातला गोंगाट सुटत नसे. आमचे आप्पा खोलीत "पाणी दे" म्हणाले की जिन्यावरचा माणूस थबकायचा, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून आम्हीही तसंच ओरडून उत्तर द्यायचो. त्यात राग नसायचा. आमच्यातल्या कित्येकांनी साचेखातं आतून कधी पाहिलं नाही. गेटच्या आत पोरांना सोडत नसत. तरी ते खातं आमच्या घशात येऊन बसलं.

पुढे कधीतरी युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांच्याविषयी वाचलं, तेव्हा आपल्याच चाळीबद्दल कुणीतरी बोलतंय असं वाटलं. १९१७ साली मॉस्कोत जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेला हा मानसशास्त्रज्ञ. मूल वाढतं ते एकात एक बसणाऱ्या वर्तुळांमध्ये, हे त्याने १९७९ च्या पुस्तकात मांडलं आणि त्यासाठी रशियन बाहुल्यांचा दाखला दिला. सगळ्यांत आत घर, शाळा, सवंगडी. मग या सगळ्यांचे आपसातले संबंध. त्याबाहेर मूल जिथे पाऊलही टाकत नाही अशा जागा, उदाहरणार्थ बापाचं कामाचं ठिकाण. आणि सगळ्यांभोवती समाजाचे कायदे, रूढी, समजुती. आमच्या बाबतीत त्या तिसऱ्या वर्तुळाचा जोर सगळ्यांत मोठा होता. घड्याळ घरात नसलं तरी चालायचं, गिरणीचा भोंगा होता.

आप्पांची रातपाळी असली की आमचा दिवस गॅलरीत जायचा. सकाळी ते यायचे तेव्हा केसांत, भुवयांत कापसाची तूस अडकलेली असायची. मोरीत आंघोळ, चहा-चपाती, आणि डोक्यावरून चादर ओढून झोप. एकच खोली, त्यामुळे आई स्टोव्हची पिन मारायची तीही दार ओढून घेऊन. आम्हाला बाहेर काढलं जायचं, म्हणजे खरं तर वीस खोल्यांच्या स्वाधीन केलं जायचं. पाढे ऐकणारी काकी साताऱ्याची, डोक्याला तेल लावणारी मावशी मालवणची, आणि कोपऱ्यातली खोली एकाच गावच्या दहा-बारा बाप्यांची, जे पाळीप्रमाणे आलटून-पालटून झोपत. त्यामुळे आम्ही कोकणातलं आणि घाटावरचं असं दोन्ही बोलणं उचललं. कोणत्या दारात कसं बोलायचं हे शिकवावं लागलं नाही. चुकलो तर कुणीही कान धरायचं, आणि तक्रार घेऊन घरी जायची सोय नव्हती, कारण ती आधीच पोचलेली असायची.

शाळेचंही तसंच. आमचे मास्तर पलीकडच्या गल्लीत राहायचे आणि आप्पांच्या भजनी मंडळात टाळ वाजवायचे. प्रगतिपुस्तकावर सही व्हायच्या आधीच निकाल घरात कळलेला असायचा. तेव्हा तो जाच वाटला. आता वाटतं, शिकवणारा आणि बाप एका सतरंजीवर बसत होते, ही आमच्या वाट्याला आलेली फार मोठी गोष्ट होती. आज एवढी फी भरूनही ती मिळत नाही.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. आधी पोरांना मजाच वाटली: आप्पा दिवसा जागे, खोलीत बोलायला मोकळीक. दोन-तीन महिन्यांत भांडी विकली जाऊ लागली. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने उद्योगातल्या एकाच मान्यताप्राप्त संघटनेला कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क दिला होता. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि कामगार तर सामंतांच्या मागे उभे होते. आमच्या ताटातली आमटी पातळ होण्याचं एक कारण आमच्या जन्माआधीच्या त्या कायद्यात होतं. सगळ्यांत बाहेरचं वर्तुळ असं पातेल्यापर्यंत येतं.

संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. पण एकाच खोलीत तो चौघा भावंडांना चार तऱ्हांनी भेटला, आणि मला सांगायचं आहे ते हेच. ग्लेन एल्डर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली महामंदीतल्या मुलांवर पुस्तक लिहिलं. कॅलिफोर्नियात ओकलंडची १९२०-२१ साली जन्मलेली मुलं मंदीच्या वेळी वयात येत होती; ती बाहेर पडून कामाला लागली, घराला उपयोगी पडली. त्याच्या पुढच्या अभ्यासातली बर्कलीची मुलं सात-आठ वर्षांनी लहान. घरातला ताण झेलण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हतं, आणि त्यांतल्या मुलग्यांना तो जास्त बाधला. पुढे ब्रॉन्फेनब्रेनर यांनीही आपल्या मांडणीत काळ हे अंग घातलं.

आमचा दादा तेव्हा सतरा वर्षांचा. तो वर्तमानपत्रं टाकू लागला, मग एका छापखान्यात चिकटला. संपाबद्दल बोलताना आजही त्याची मान ताठ असते. पहिला पगार त्याने आप्पांच्या हातात ठेवला होता. मी पाचवीत, मला आठवते ती लाज, वाण्याकडे उधारीची वही घेऊन जायची. धाकट्याला, जेमतेम पाच वर्षांच्या, आजीकडे गावी पाठवलं. दोन वर्षांनी तो परत आला तेव्हा आप्पांना ओळखत होता, पण त्यांच्याजवळ जात नव्हता. आप्पाही तेव्हा उंबऱ्यात नुसते बसून असायचे. साचा बंद, पण आवाज तसाच चढा, आणि आता त्यात राग होता. आम्हा मोठ्यांना जुना आवाज माहीत होता. धाकट्याला फक्त हाच माहीत झाला. त्याला आप्पा म्हणजे एक तापट म्हातारा, आणि दादा कितीही समजावू दे, त्याचं मत बदललेलं नाही. मी त्याला दोष देत नाही.

ताईचं मात्र कोणत्याही पुस्तकाच्या बेरजेत नीट बसत नाही. ओकलंडच्या मुली घरकामाला जुंपल्या गेल्या, एवढं एल्डरने नोंदवलं आहे. आमची ताई नववीत होती, वर्गात दुसरी. आई दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला जाऊ लागली आणि ताईचं नाव शाळेतून काढलं. कुणी तिला विचारलं नाही. मास्तर एकदा येऊन गेले, आप्पा खाली मान घालून बसले, चहा झाला, विषय संपला. दादाच्या कमाईचं कौतुक झालं. ताईने लाटलेल्या पापडांचे पैसे घरखर्चात मिसळून गेले, त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. गिरणगावाच्या आठवणी निघाल्या की भजनं, दहीहंडी, कामगार रंगभूमी, मोर्चे, सगळं निघतं आणि निघायला हवंच. पण प्रत्येक मजल्यावर अशी एक ताई होती, आणि तिची शाळा सोडवणारा संप एकटा नव्हता. मुलीचं शिक्षण थांबलं तर चालतं ही समजूत संपाआधीपासून चाळीत राहत होती.

लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर ताई रात्रशाळेत गेली. दिवसा घर, संध्याकाळी सातला वही घेऊन बाहेर. दहावीचा निकाल लागला तेव्हा गणितात तिला ऐंशीच्या वर मार्क होते. तिने तो कागद आप्पांना दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून तिने तो मोठ्याने वाचला, एकेक विषय, गॅलरीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असा.