दिवसभर घरी कोण असतं?

भाचीला जर्मनीत नोकरी लागली आणि तिच्या वाकडच्या फ्लॅटमधल्या सामानाची वाटणी झाली. फ्रिज मैत्रिणीकडे गेला, स्कूटर धाकट्या भावाने नेली. राहिली मोका, तिची तीन वर्षांची सयामी मांजर. ‘मामी, तुझं घर मोठं आहे, अंगण आहे, ती रमेल तिथे,’ असं भाची फोनवर म्हणाली. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिला जायला अजून अवकाश होता. तोवर मांजर आमच्याकडे राहू दे, मग काय ते ठरवू, असं सांगितलं.

आम्ही शिरगावात राहतो. पवनेकाठचं हे गाव बाहेरच्या लोकांना प्रतिशिर्डी या साईमंदिरामुळे ठाऊक आहे. गुरुवारी सोमाटणे फाट्याकडून दर्शनाच्या गाड्यांची रीघ लागते. मावळातल्या इतर घरांसारखी आमच्याकडेही इंद्रायणी तांदळाची पोती असतात, आणि पोती आली की उंदीर आले, उंदीर आले की मांजर आलं. आमच्या घराला मांजर नवं नाही. पण गावठी मांजर रात्री शिकार करतं, सकाळी दूधभात खाऊन माळ्यावर झोपतं. त्याला आपली फारशी गरज नसते. त्यामुळे ‘मांजरच तर आहे’ असं म्हणून सगळे निर्धास्त होते.

पहिल्याच रात्री सासूबाई उठून बसल्या. ‘अगं, कुणाचं पोर रडतंय?’ सयामीचा आवाज नेहमीच्या म्यांवसारखा नसतो. घोगरा, खर्जातला, लांबवलेला असतो, आणि खरोखर तान्ह्या मुलाच्या रडण्याशी त्याची गल्लत होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू विचारायला आल्या, बाळंतीण कोण आलीय म्हणून! भूक लागली की मोका बोलते, दार बंद दिसलं की बोलते, कुणी बाहेरून आलं की उशीर का झाला असं विचारल्यासारखी बोलते. ‘काय गं?’ म्हटलं की वेगळ्या सुरात उत्तर देते. मला वह्या तपासताना शांतता लागते, त्यामुळे सुरुवातीला मी कावले. मोकाची नसबंदी झालेली होती म्हणून बरं. या जातीच्या माद्या पाचव्या महिन्याच्या सुमारासही माजावर येऊ शकतात आणि तेव्हा रात्रंदिवस आरडाओरडा चालतो. शांत घर हवं असेल त्याने निळ्या डोळ्यांवर भाळण्याआधी एक दिवस हा आवाज ऐकून यावा.

दिसायला मात्र देखणी. अंग सायीच्या रंगाचं. तोंड, कान, पंजे आणि शेपूट गडद तपकिरी. भाचीने मोकाच्या कुशीवरचा एक चौकोनी काळपट डाग दाखवला. नसबंदीच्या वेळी तिथले केस भादरले होते आणि नवे आले ते गडद आले. सयामीच्या अंगात रंग तयार करणारं जे विकर असतं ते उष्णतेत काम करत नाही, शरीराच्या थंड भागांतच करतं. कान, पंजे, शेपूट हे भाग थंड, म्हणून ते गडद. पिल्लं आईच्या पोटातल्या उबेमुळे जन्मतात तीच जवळजवळ पांढरी. भादरलेली जागा काही दिवस उघडी, थंड राहिली आणि तिथे रंग चढला. आमच्याकडच्या डिसेंबरात मोका एकूणच एक छटा सावळी झाली.

ही जात मूळची थायलंडची, म्हणजे जुन्या सयामची. तिथल्या ‘तमरा म्याव’ या सचित्र पोथ्यांत अशी मांजरं आहेत. 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि 1884 मध्ये बँकॉकमधल्या ब्रिटिश वकिलातीतल्या एडवर्ड गूल्ड यांनी एक जोडी आपल्या बहिणीला इंग्लंडमध्ये आणून दिली. पुढे पाश्चात्त्य हौशी लोकांनी तिला अधिकाधिक सडपातळ आणि त्रिकोणी तोंडाची केली. आपल्याकडे मात्र सयामी म्हणून काहीही खपवतात. अगदी लहान वयात कुठल्याही मांजराच्या पिल्लाचे डोळे निळेच असतात. दोनेक महिन्यांत खरा रंग दिसू लागतो. त्याआधी पिल्लू विकायची ज्याला घाई, त्याच्याकडून ते घेऊ नये. पिल्लाने बारा आठवडे आईजवळ काढावेत आणि आई आपल्याला प्रत्यक्ष दाखवली जावी, एवढा आग्रह धरावाच.

आवाजाची सवय झाली, पण खरी परीक्षा वेगळीच होती. मी तळेगावच्या शाळेत शिकवते, हे चाकणला कंपनीत, मुलगी कॉलेजात. मोका मात्र माणसाला चिकटून राहणारी. आम्ही निघालो की ती सासूबाईंच्या मागे. त्या तांदूळ निवडायला बसल्या की सुपाच्या कडेवर पंजा ठेवून बसणार. त्या देवघरात गेल्या की उंबऱ्याशी. त्या न्हाणीघरात गेल्या की दाराबाहेर तक्रार. दुपारी त्या आडव्या झाल्या की पायाशी वळकटी. सासूबाई आधी ‘हट्’ म्हणायच्या, मग गप्पा मारू लागल्या.

मग नात्यातल्या लग्नासाठी त्या साताऱ्याला गेल्या आणि दिवसा घर रिकामं राहिलं. मोकाने खाणं टाकलं. पोट चाटून चाटून तिथले केस काढले. कोपऱ्यातल्या घोंगडीचं टोक चघळून भोकं पाडली. लोकर चघळायची खोड या जातीत पुष्कळ दिसते, आणि ती नुसती खोड नव्हे. गिळलेला धागा आतड्यात अडकला तर ऑपरेशनपर्यंत वेळ येते. घोंगड्या पेटीत गेल्या. सासूबाई परतल्यावर खाणं सुरू झालं, पोटावर केस यायला महिने लागले. मांजराला एकटं राहणं जमतं हा समज गावठी मांजरावरून झालेला आहे. सयामीला तो लावू नये.

अंगणाचं म्हणाल तर ते तिच्या उपयोगाचं नव्हतं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजराला कुत्री, गाड्या, खाचरातले नाग-घोणस यांचा अंदाज नसतो. शेजारी उंदरांसाठी औषध टाकतात. ते खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर तेही दगावू शकतं. त्यामुळे खिडक्यांना जाळ्या बसवल्या आणि पडवी बंदिस्त करून घेतली. मोका उडी मारून दाराचा खटका दाबते हे कळल्यावर दारांना वरून कड्या लावल्या. आमच्या गावठी मनीला आणि तिला आधी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं, एकीचं अंथरूण दुसरीला हुंगायला दिलं. मैत्री झाली नाही, पण फिसकारणं थांबलं.

घरातही बदल करावे लागले. फरशी पुसायचं फिनेल बंद केलं, कारण मांजर पंजे चाटतं आणि त्याचं यकृत असली द्रव्यं पचवू शकत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, म्हणून औषधांचा डबा कपाटात. सयामींना दम्याचा त्रास होऊ शकतो. सासूबाईंनी आपणहून धूप कमी केला. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमुळे ओळखीतून फुलं येतात. गुलाब-जरबेरा चालतात, पण लिली घरात आणायची नाही, तिच्या परागांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. दूधपोळीवर भागत नाही, टॉरिन हे आवश्यक पोषणद्रव्य मिळायला मांस-मासे किंवा मांजराचंच खाद्य लागतं. आमच्याकडचे डॉक्टर गाईम्हशींचे. मांजराला दाखवायचं तर तळेगाव नाहीतर चिंचवड गाठायचं. दरवर्षीच्या लसी, त्यात रेबीजची आलीच. आणि पावसाळ्यात मावळातल्या ओलीमुळे गजकर्ण होतं का यावर लक्ष ठेवायचं, कारण ते माणसांनाही लागतं.

भाचीचा व्हिसा आला तेव्हा आम्ही चौघे बसून बोललो. ही मांजरं पंधरा वर्षं सहज जगतात, काही वीसही गाठतात. ‘म्हणजे माझ्या पश्चातही ही असणार,’ सासूबाई सरळ म्हणाल्या. त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. सगळं त्यांच्या भरवशावर टाकून चालणार नव्हतं. मुलगी नोकरीला लागली की कुठे जाईल सांगता येत नाही. पण मी लवकरच निवृत्त होणार, आणि त्यानंतर दिवसा घरात मी असेन. हा हिशेब जुळला म्हणून मोका राहिली. तो जुळला नसता तर सासूबाईंचा कितीही जीव जडला असता तरी मी भाचीला दुसरं घर शोधायला सांगितलं असतं.

ओळखीत एक मुलगा आहे, हिंजवडीत नोकरी, एकटा राहतो, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी. मोकाला पाहून त्याला अगदी अशीच हवी झाली. त्याला विचारलं, दिवसभर घरी कोण असतं? कुणीच नाही. एखादी रात्र बाहेर राहावं लागलं तर? शेजारी चावी देईन म्हणाला. मी त्याला सयामी घेऊ नको असं स्पष्ट सांगितलं. फाट्याजवळच्या हॉटेलमागे मांजरी व्याली होती, तिची दोन पिल्लं मोठी झाल्यावर त्याने नेली. दोघांना लसी दिल्या, वेळेवर नसबंदी केली. तो कामावर गेला की ती एकमेकांशी खेळतात, आणि तो आला की झोपलेली असतात. त्याला तेवढंच मांजर हवं होतं.