राजाच्या दरबारातला सोंगाड्या

आमचे आबा गिरणीत लागण्यापूर्वी गावच्या तमाशात सोंगाड्या होते, हे मला फार उशिरा कळलं. घरात तो विषय निघतच नसे.

एकदा माझ्या आग्रहाखातर त्यांनी सांगितलं. वगात राजा-राणीचं प्रेम, प्रधानाचं कारस्थान, राजकन्येचा हट्ट हे सगळं असायचं. पण लोक रात्रभर बसायचे ते सोंगाड्यासाठी. दरबार म्हणजे एक खुर्ची. बोर्डावर एक फेरी मारली की दुसरं राज्य आलं! राजा ओरडायचा, "कोण आहे रे तिकडे?" आणि आबा म्हणायचे, "मीच हाय की सरकार, दुसरा नेमलाय का कधी?" बोलणं सगळं तोंडी. गावात रॉकेल मिळेनासं झालं, की राजाच्या महालातही अंधार व्हायचा.

१९५६ साली धर्मांतर झालं आणि आबांनी ते सोंग कायमचं उतरवलं. मी विचारलं, तुम्ही तर राजाची फजिती करत होता, मग सोडलं का? ते म्हणाले, "अरे, वगातल्या राजाची करत होतो. पुढं पाटील बसलेला. त्यानं पैसा फेकला की वाकून उचलावा लागायचा. राजापुढं वाकणारी आणि पाटलापुढं वाकणारी कंबर एकच ना?"

दादू इंदुरीकरांना १९७३ सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते निमित्त करून मी आबांना हरिभाऊ वडगावकरांच्या 'गाढवाचं लग्न' या वगाला नेलं. इंद्राच्या शापानं गाढव झालेला गंधर्व सावळ्या कुंभाराच्या घरी येतो आणि राजकन्येशीच लग्न करीन म्हणून बसतो. मागणी घालायला दरबारात जायचं कोणी? सावळ्यानं! नवरा-बायकोच्या मारझोडीवरचे विनोद मला तेव्हाही रुचले नाहीत, आजही रुचत नाहीत. पण दादूंचा सावळ्या राजाची सोयरीक जुळवायला निघाला आणि थिएटर हलू लागलं. मी मात्र मनात म्हटलं, या माणसानं स्वतःच्या पोरासाठी वाड्यावरची मुलगी मागितली असती तर? हसू कुठलं, काठ्या निघाल्या असत्या. गाढव मध्ये होतं म्हणून निभावलं.

पुढे रात्रशाळेतल्या आमच्या गुरुजींनी कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाची गोष्ट सांगितली. त्यातला विदूषक गौतम जातीनं ब्राह्मण, राजाचा दोस्त. साप चावल्याचं ढोंग करून तो राणीची अंगठी मिळवतो आणि तिच्या जोरावर कोंडलेल्या मालविकेला सोडवतो. मजेदार आहे. पण एवढी खटपट कशासाठी, तर राजाला आणखी एक बायको मिळावी म्हणून! तो राजाची चेष्टाही करतो, पण त्याला वाकून पैसा उचलावा लागत नाही. आमच्या सोंगाड्याला ती सोय नव्हती.

त्या रात्री वगात आबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. परतताना मात्र एक शब्द बोलले नाहीत. चाळीच्या जिन्यापाशी थांबले. वर दिवा लागलेला होता. आईनं गॅलरीतून विचारलं, "कोण आहे तिकडं?"

आबांनी टोपी काढली, छाती पुढं काढली आणि ताठ उभं राहून म्हणाले, "मीच हाय की सरकार!"

या वेळी ते वाकले नव्हते.