खांदा

गेल्या वर्षीच्या जुलैत सिंहगडावरून उतरताना मी पडलो. अतकरवाडीच्या वाटेने गेली तेवीस वर्षे जवळजवळ दर रविवारी चढतो-उतरतो आहे. ती वाट मला पाठ आहे, असा माझा समज होता. ओल्या मुरुमावरून पाय सरकला, तोल सावरायला उजवा हात मागे टेकला आणि खांद्याच्या आत काहीतरी उसवले. सोबतच्या मुलांनी उठवले, कपडे झटकले. मी 'काही नाही, काही नाही' म्हणत राहिलो. एकाहत्तराव्या वर्षी पडल्याचे दुःख कमी आणि लोकांनी पाहिल्याची लाज जास्त असते.

एमआरआय झाला. खांद्याला चहूबाजूंनी धरून ठेवणारे चार स्नायू असतात. त्यांतल्या सर्वांत वरच्या स्नायूची कंडरा अर्धवट फाटली होती. वयाबरोबर या कंडरा झिजतातच, कित्येक वृद्धांच्या तर फाटलेल्या असूनही त्यांना त्याचा पत्ता नसतो, असे डॉक्टरांनी समजावले. ही माहिती दिलासा म्हणून दिली होती की समज म्हणून, ते मला कळले नाही. शस्त्रक्रियेची घाई नको, आधी व्यायाम करून पाहू, असे ठरले.

दिवसा खांदा फारसा बोलत नसे. रात्री त्या कुशीवर वळलो की जाग येई, आणि मग उशीवर हात ठेवून पहाटेपर्यंत पडून राहायचे. सदरा घालताना दुखरा हात आधी बाहीत घालायचा, काढताना तो सर्वांत शेवटी काढायचा, हा नियम मी चाळीस वर्षे शिकवलेल्या व्याकरणाच्या कोणत्याही नियमापेक्षा लवकर आत्मसात केला. व्यायाम शिकवणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्याही मुलीच्या वयाची. ती मला 'आजोबा' म्हणे. भिंतीवर बोटांनी चढत जायचे आणि जिथे थांबावे लागेल तिथे पेन्सिलीने खूण करायची, असे तिने सांगितले. मुलगा लहान असताना त्याची उंची आम्ही दाराच्या चौकटीवर अशीच टिपत असू. तेव्हा खुणा वर जात. माझ्या खुणा पहिले सहा आठवडे एकाच वितीत घुटमळल्या.

निवृत्तीनंतरही आठवड्यातून एक तास मी एम. ए.च्या मुलांना शिकवतो. फळ्यावर आता छातीच्या उंचीवर लिहितो; मागच्या बाकांवरची मुले माना वाकड्या करून वाचतात आणि तक्रार करत नाहीत. त्यांनी तक्रार केली असती तर बरे वाटले असते.

या काळात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मराठीने खांद्याकडे केवळ ओझ्याच्या दृष्टीने पाहिले आहे. जबाबदारी खांद्यावर घ्यायची, खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, शेवटी खांदा द्यायचा. वर्तमानपत्रे मंत्रिमंडळाच्या संदर्भात ज्या 'खांदेपालटा'ने रकाने भरतात, त्या शब्दातही वाहणाऱ्यांनी खांदा बदलण्याचेच चित्र आहे. शरीरशास्त्र मात्र वेगळे सांगते. माणसाचा खांदा वजन पेलण्यासाठी घडलेलाच नाही. खुब्याच्या सांध्याची खोबण खोल असते. खांद्याची इतकी उथळ, की पसरट बशीत लिंबू ठेवावे तसा दंडाच्या हाडाचा गोल माथा तिथे टेकलेला असतो. हात सर्व दिशांना फिरावा, फांदीपर्यंत, फळीपर्यंत, दुसऱ्याच्या पाठीपर्यंत पोचावा म्हणून शरीराने स्थैर्य सोडून मोकळीक घेतली. ओझे वाहण्याची सारी भाषा आपण बहुधा बैलावरून उचलली असावी.

असो. हे चिंतन घरी बसून करायला ठीक होते.

जानेवारीत माझा एक मित्र गेला. आम्ही एकाच महाविद्यालयात तीस वर्षे शिकवले, एकमेकांची पुस्तके लांबवली, परस्परांच्या आवडत्या कवींची यथेच्छ निंदा केली. जो मागे राहील त्याने पहिला खांदा द्यायचा, हा आमचा जुना करार. तो दरवेळी चहाच्या दुसऱ्या कपाच्या सुमारास नव्याने होई. तो राहत असे तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये तिरडी मावेना, म्हणून जिन्याने उतरवायचे ठरले. मी पुढे झालो. डावा खांदा धड होता, ते मी म्हणालोही. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, त्याचेही केस आता पांढरे आहेत, माझा दंड हलकेच धरला. ''सर, तुम्ही राहू द्या.'' मित्राचा मुलगा म्हणाला, ''काका, तुम्ही पुढे चला, वाट दाखवा.'' तीन मजल्यांच्या जिन्याला वाट कसली दाखवायची?

मी पुढे चाललो. लोकांना वाटले असेल, सरांना फार लागले. लागले होतेच, पण ज्या क्षणी त्याने माझा दंड धरला त्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले, हे मी इथे पहिल्यांदा लिहितो आहे. जिन्याची वळणे, घसरणारे पाय, पुन्हा पडण्याची भीती, सगळे एका क्षणात दुसऱ्याच्या अंगावर गेले. वैकुंठात पोचेपर्यंत मी त्या सुटकेलाच दुखऱ्या खांद्याचे नाव देत होतो. दुखरा होता उजवा, आणि पुढे केला होता डावा.

माझे बालपण बुलढाणा जिल्ह्यात गेले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वडील बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळून शेकत. कुठे याला खांदेमळणी म्हणतात, कुठे खांदशेकणी. वर्षभर जू घासून निबर झालेली ती कातडी मीही लहान हाताने चोळलेली आहे. मग बैलाच्या कानाशी लागून त्याला उद्याच्या जेवणाचे आमंत्रण द्यायचे. एखाद्या बैलाला खांदेसूज आलेली असली तर त्याला आधी कितीतरी दिवस जुवाला लावत नसत. तो गोठ्यात नुसता उभा राहून इतर बैल बाहेर पडताना पाहत असे. त्याला काय वाटत असेल, हे विचारायचे तेव्हा कुणाला सुचले नाही.

यंदाच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी सौ. माझ्या खांद्याला कोमट तेल लावत होती. भिंतीवरची खूण आता कपाळाच्या वर गेली आहे. फळीला अजून चार बोटे कमी. मी तिला खांदशेकणीची सारी हकीकत सांगितली आणि म्हटले, ''आता कानात आमंत्रणही दे.''

''पुरणपोळी हवी असेल तर पुरणयंत्र तुम्ही फिरवायचे,'' ती म्हणाली. ''डावा हात आहे की, अहो.''