कोकणकडा कोरताना

हरिश्चंद्रगड सागवानात कोरायचा, १:१०,००० प्रमाणात आणि उंची न दाबता, असं ठरवलं की घरी बांधायच्या सीएनसी राउटरचा आराखडाच बदलतो. गड समुद्रसपाटीपासून १,४२४ मीटर उंच. कोकणातल्या पायथ्यापासून धरला तरी हजार मीटरहून जास्त उठाव. म्हणजे लाकडात १०० मिलिमीटरच्या पुढे खोली. नावाच्या पाट्या आणि दारांवरची नक्षी कोरणाऱ्या यंत्रांना एवढं खाली कधी उतरावंच लागत नाही.

इथे खोली दोनदा मोजावी लागते. ठोकळा १२० मिलिमीटरचा असेल, तर तळ गाठायला कटरही कोलेटबाहेर तेवढा हवा, आणि तो माथ्यावरून मोकळा फिरायचा तर स्पिंडलचं नाक बेडपासून २४० मिलिमीटरच्या वर उचललं गेलं पाहिजे. हे आकडे पाहून बरेचजण अख्खी गॅन्ट्रीच उंच करतात. मला ते पटत नाही. उंच गॅन्ट्रीतून स्पिंडल तळाकडे जाताना त्याला वर-खाली नेणारी झेडची प्लेट खाली लोंबते, आणि काम सर्वांत अवघड असतं नेमकं तिथेच यंत्र सर्वांत लेचंपेचं होतं. मी गॅन्ट्रीची तुळई ठोकळ्याच्या जेमतेम वर ठेवतो आणि झेडचा लांब प्रवास वरच्या दिशेला देतो. गॅन्ट्रीला उंच पायही देत नाही. बेडच्या दोन्ही बाजूंना चौकोनी लोखंडी नळीच्या भिंती उभ्या करून रेल त्यांच्या माथ्यावर बसवतो. पाय जितके लांब, तितकी कटरच्या टोकावरच्या रेट्याला तरफ मोठी मिळते. भिंत जागची हलत नसते, तिला हवं तेवढं जड करता येतं.

एवढं करूनही कटर लवतोच. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली की लवणं आठपट होतं. जाडी दुप्पट केली की सोळापट कमी. म्हणून रफिंगला १२ मिलिमीटरचाच कटर लावावा. त्याचा दांडा ईआर१६ कोलेटमध्ये बसत नाही, ईआर२० लागतो. स्पिंडल घेतानाच हे बघून घ्यावं. फिनिशिंगला टोकाशी बारीक, वर जाड होत जाणारा बॉलनोज उत्तम. पण त्याचा उतार एका बाजूला ५ अंश असेल, तर ८५ अंशांहून उभी भिंत त्याला जमत नाही. टोकापेक्षा त्याची कूसच आधी लाकडाला घासते. सह्याद्रीत अशा भिंती पावलोपावली आहेत.

आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर उभ्याच्याही पलीकडचा, आत वळलेला. २००० साली अंतराळयानातून रडारने घेतलेल्या उंचीच्या मोजणीत साधारण दर ३० मीटरला एक आकडा मिळतो, म्हणजे माझ्या लाकडावर दर ३ मिलिमीटरला एक. एका जागी एकच उंची, त्यामुळे कड्याची पोकळी त्या माहितीत येऊच शकत नाही. तीन अक्षांचा कटरही वरून खाली येणारा, त्याला ती कोरता येत नाही. गडाचा सगळा दरारा त्या पोकळीत आहे. ती सोडून दिली तर उरतो नुसता डोंगर. म्हणून कड्याचा तुकडा मी वेगळा घेतो. छायाचित्रं समोर ठेवून संगणकात त्याचा बाक घडवतो, ठोकळा आडवा टाकून कड्याचं तोंड वर करतो आणि त्या बाजूने कोरतो. मग दोन खुंट्यांवर तो गडाला जोडतो. सांधा कड्याच्या वरच्या काठावरून नेला की खडकाच्या रेषेत मिसळून जातो.