वसईला जायचं कसं? चार वाटा आणि एक भाऊबीज

'वसईला राहतोस? बाप रे! रोज येतोस कसा?' ऑफिसात नवीन कुणी आलं की हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं. विरार लोकल, आणखी काय!

एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली गाडी सुटली, तेव्हा दिवसाला एकच फेरी होती. आता गाड्या भरपूर, पण पाय ठेवायला जागा नाही. म्हणून फुकटचा सल्ला ऐका. संध्याकाळी बोरिवलीला उतरायचं असेल, तर विरार फास्टच्या वाटेला जाऊ नका. सकाळी बसून जायचं असेल, तर आमच्यासारखं आधी उलटं विरारला जा!

पनवेल किंवा दिव्याहून येणार असाल, तर थेट वसई रोडची गाडी आहे. दादरचा जिना चढायला नको. फक्त गाड्या मोजक्या, वेळ बघून निघा. स्वतःची गाडी असेल तर घोडबंदरमार्गे अहमदाबाद हायवे, पण ट्रॅफिकची तयारी ठेवा. वसईत उतरलात की पुढे महापालिकेची बस किंवा शेअर रिक्षा.

आता खरी गंमत. माझी आत्या भाईंदरला राहते, म्हणजे खाडीच्या पलीकडे. खाडीवर थेट पूल आहे, पण तो रेल्वेचा. रस्त्याने जायचं तर चाळीसेक किलोमीटरचा वळसा. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गर्दीची लोकल बंद झाली. एवढा वेळ गाडीत पाय दुमडून बसणंही जमेना. त्या वर्षी भाऊबीज फोनवरच झाली. बाबा काही बोलले नाहीत, पण जेवलेही नाहीत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई–भाईंदर रो-रो सुरू झाली. पुढच्या दिवाळीत किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून मी स्कूटर थेट बोटीत घातली. मागे बाबा, त्यांच्या हातात फराळाचा डबा. पाण्यातला प्रवास पंधराएक मिनिटांचा! भाईंदर जवळ आलं तसा रेल्वेचा पूल दिसला. वरून लोकल धडधडत गेली, दारात माणसं लटकलेली.

बाबा बघतच राहिले. म्हणाले, 'तीस वर्षं त्या पुलावरून गेलो रे. खाडी आज पाहिली.'

तुम्हीही पाहा. निघण्याआधी बोटीची वेळ तेवढी विचारून घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच.