पत्रिकेतला ‘लेट’

पारनेर

चि. मुक्तास,


लग्नपत्रिकेचा मजकूर मिळाला. इंग्रजी बाजूला आजीच्या नावाआधी ‘लेट’ वाचलं आणि थबकलो. आपल्या तोंडी हा शब्द एसटीला लागतो, शाळेत उशिरा येणाऱ्या पोराला लागतो. त्यात ठपका असतो. तुझी आजी तर नगरच्या गाडीसाठी अर्धा तास आधी स्टँडवर जाऊन बसायची.

मग शब्दकोश काढला. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ होता संथ, मंद. त्यातून उशीर आला. ‘लास्ट’ त्याच मुळाचा आणि अगदी ताज्याला म्हणतात तो ‘लेटेस्ट’सुद्धा. आपण एवढं ओझं एका शब्दावर टाकत नाही. पाऊस लांबला की पेरा मागास होतो, खरिपाच्या मागून आणि उन्हाळच्या आधी येणारा कांदा रांगडा. माणूस गेला की कै., वारकरी असेल तर वै.; म्हणजे कैलासाला गेला की वैकुंठाला, तेही सांगून टाकतो. इंग्रजी ‘लेट’ कुठे गेला ते सांगत नाही. कालपरवापर्यंत हे माणूस आपल्यात होतं, एवढंच म्हणतो.

म्हणून तो शेकडो वर्षांपूर्वी गेलेल्यांना लावत नाहीत. आपल्या गावचे सेनापती बापट २८ नोव्हेंबर १९६७ रोजी गेले. त्यांच्या नावाला आता ना लेट लागतो, ना कै.; मुळशीच्या सत्याग्रहाने दिलेलं ‘सेनापती’ तेवढं राहिलं. पिंपळनेरच्या निळोबारायांचं तर आणखी वेगळं. तुकोबा १६५० मध्ये वैकुंठाला गेले, आणि परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी निळोबांना स्वप्नात उपदेश केला. गेलेल्या गुरूचा हा शिष्य. आजीला ही कथा फार प्रिय होती; एकादशीला पिंपळनेरला गेली की परतताना गाडीत शेजारणीला हमखास सांगायची.

तिला जाऊन या आषाढात तीन वर्षं होतील. फडताळात तिचा चष्मा आहे. संध्याकाळी मी अजून दोघांचा चहा टाकतो, मग एक कप तसाच राहतो. तेव्हा तुझा ‘लेट’ खोडू नकोस. कालपरवाचीच आहे ती.

मराठी बाजूला मात्र ‘कै.’ पडलंय, तिथे ‘वै.’ कर. तिच्या गळ्यात माळ होती.

तुझे,
आजोबा