फोटोखालची ओळ

फॅशनचे फोटो काढणाऱ्यांच्या जगात लेन्सवर, प्रकाशावर, रंग कसे उतरले यावर तासन्‌तास चर्चा होते. फोटोखाली छापायच्या ओळीवर मात्र क्वचितच कोणी बोलतं. स्वतंत्र छायाचित्रकार म्हणून मी ज्या वर्तुळात वावरते तिथे ती ओळ म्हणजे उपसंपादकाचं काम, फोटो पाठवून झाल्यावर उरलेली बाब, असाच समज आहे. मला तो मान्य नाही. स्टुडिओत उभ्या केलेल्या मॉडेलचं एक वेळ ठीक आहे. तिथे कपडे कोणाचे, केशरचना कोणाची, मेकअप कोणाचा, ही श्रेयनामावली मासिकं रीतसर छापतात. पण रस्त्यावर, मिरवणुकीत, कॉलेजच्या फाटकाशी एखादी व्यक्ती स्वतःच्या कल्पनेने जुळवलेला पोशाख घालून उभी असते तेव्हा डिझायनर, स्टायलिस्ट आणि मॉडेल ही तिन्ही कामं तिने एकटीने केलेली असतात, आणि नेमकं तिचंच नाव कुठे येत नाही. आपण कॅमेरा उचलतो तेव्हा तिचं काम पुरं झालेलं असतं. आपण टिपतो ती कोणीतरी घडवलेली गोष्ट असते. ती कोणी घडवली, कशातून घडवली, हे सांगितलं नाही तर फोटो अर्धा राहतो, असं माझं ठाम मत आहे.

हे मत बनायला सर्वांत जास्त कारणीभूत ठरलं ते शोइची आओकी या जपानी छायाचित्रकाराचं ‘फ्रूट्स’ हे मासिक. आओकी १९८५पासून ‘स्ट्रीट’ नावाच्या मासिकासाठी पॅरिस-लंडनच्या रस्त्यांवरचे कपडे टिपत होते. टोकियोच्या हाराजुकू भागात तरुण मुलं-मुली कोणत्याही परदेशी फॅशनची नक्कल नसलेलं काहीतरी करताहेत, हे लक्षात आल्यावर त्यांनी १९९७मध्ये ‘फ्रूट्स’ सुरू केलं. त्यातले फोटो तांत्रिकदृष्ट्या अगदी साधे. बहुतेक ठिकाणी व्यक्ती डोक्यापासून बुटांपर्यंत दिसते, समोर पाहत उभी असते, मागे हाराजुकूचा रस्ता. नाट्यमय प्रकाश नाही, तिरपे कोन नाहीत. मासिकाचं खरं बळ फोटोच्या शेजारच्या मजकुरात होतं: नाव, वय, काय करता, अंगावरची कोणती वस्तू कोणत्या दुकानातली, कोणती जुन्या बाजारातली, कोणती स्वतः शिवलेली, तुमच्या पोशाखातला मुद्दा कोणता, आणि सध्या कशाचं वेड आहे. शाळेत जाणारी मुलगी जुना किमोनो महागड्या इंग्लिश डिझायनरच्या बुटांवर घालते आणि त्यावर हाताने केलेले दागिने लटकवते, तेव्हा नुसता फोटो पाहणारा ‘जपानी मुलं विचित्र कपडे घालतात’ एवढंच म्हणून पान उलटेल. मजकूर वाचणाऱ्याला तिची निवड कळते. यातलं काय परवडलं म्हणून घेतलं, काय आवडलं म्हणून पैसे साठवून घेतलं, काय मिळेना म्हणून स्वतः केलं, हे समजल्यावर त्या पोशाखामागचा विचार दिसू लागतो. आओकींचे फोटो इतके साधे का, याचं उत्तरही मला इथेच सापडतं. दुसऱ्याची निर्मिती नीट दाखवायची तर आपल्या कौशल्याने तिच्यावर कुरघोडी करून चालत नाही.

पोशाख दाखवायचा आणि तो घालणाऱ्याला निनावी ठेवायचं, ही सवय आपल्याकडे कॅमेऱ्याबरोबरच आली. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६मध्ये मुंबईतल्या रहिवाशांच्या फोटोंचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यात या शहरातले निरनिराळे समाज पगड्या, अंगरखे, लुगडी, दागिने यांसह दिसतात. माणसांचे फोटो वेगळे काढून ते मुंबईच्या देखाव्यांवर जोडलेले आहेत. खाली येते ती जमात, जात किंवा पंथ. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले, तेही याच वळणाचे. आज ते खंड वस्त्रांच्या इतिहासासाठी अनमोल आहेत आणि मी स्वतः ते पुन्हा पुन्हा पाहते. पण त्यातल्या माणसाने पगडीचा पेच जरा वेगळा घातला असेल, उपरणं मुद्दाम एका बाजूला टाकलं असेल, तर ती त्याची स्वतःची ऐट होती की समाजाची रीत, हे आता कळायला मार्ग नाही. मथळ्याने त्याला नमुना ठरवलं, आणि नमुन्याला स्वतःची आवड असू शकते हे कोणाच्या मनातही आलं नाही.

हे वाचून ‘तो साम्राज्याचा काळ होता’ असं म्हणणाऱ्यांनी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं समोर ठेवावीत. डोंबिवलीत १९९९मध्ये नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि ती प्रथा गावोगावी पसरली. गिरगावातली शोभायात्रा तर आज महाराष्ट्रातल्या रस्त्यावरच्या फॅशनचा सर्वांत मोठा सोहळा आहे, असं मी म्हणेन. नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या, गॉगल आणि नथ एकत्र मिरवणाऱ्या, फेट्याला स्वतःच्या मनाचा तुरा खोचलेल्या बायका तिथे दिसतात. त्या पोशाखात किती निर्णय असतात ते पाहा. नऊवारी नेसलेली की शिवून घेतलेली? आजीच्या पेटीतली, की दादरला घेतलेली? ठुशी, तन्मणी, चिंचपेटी घरच्या की भाड्याने आणलेल्या? काष्टा कितपत घट्ट, पायात कोल्हापुरी की स्पोर्ट्स शूज? फेटा कोणी बांधला? छायाचित्रकारांचे ताफे तिथे पहाटेपासून उभे असतात, उत्तम फोटो निघतात, आणि खाली ओळ येते: पारंपरिक वेशातील तरुणी. दीडशे वर्षांपूर्वीचा मथळा आणि हा मथळा यांत मला तत्त्वतः फरक दिसत नाही. उलट एक जास्तीची चूक होते. त्या मुलीने परंपरेशी जो खेळ केला, जे नवं जोडलं, तेच त्या ओळीने पुसून टाकलं जातं. परंपरा आपोआप अंगावर येत नाही. ती कोणीतरी त्या सकाळी चार वाजता उठून, आरशासमोर उभं राहून, काही घेत आणि काही टाकत अंगावर चढवलेली असते.

नाव राहिलं तर काय होतं, याचाही पुरावा मुंबईतच आहे. छायाचित्रकार होमाई व्यारावाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना त्यांनी आपल्या सहाध्यायी मुलींचे फोटो काढले. त्यातल्या रेहाना मोगल यांचे फोटो आज प्रसिद्ध आहेत. आपल्याला त्यांचं नाव माहीत आहे आणि त्या कलेच्या विद्यार्थिनी होत्या हेही. म्हणून त्या फोटोंतली साडी, केस, बसण्याची ढब पाहताना आपण १९३०च्या दशकातल्या एका विशिष्ट तरुणीच्या आत्मविश्वासाकडे पाहतो. नाव गळलं असतं तर तोच फोटो ‘स्वातंत्र्यपूर्व काळातील आधुनिक भारतीय स्त्री’ होऊन बसला असता. याच होमाईबाईंचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या, माणेकशॉंच्या, नावाने छापले जात. ते आज आपल्याला अन्याय्य वाटतं, आणि वाटायलाच हवं. मग कॅमेऱ्यामागच्या बाईचं नाव गेल्यावर होणारा अन्याय कॅमेऱ्यासमोरच्या बाईच्या बाबतीत का जाणवू नये?

मालीची राजधानी बामाको इथले छायाचित्रकार सेदू केइता यांची गोष्ट याहून बोलकी आहे. १९४८मध्ये त्यांनी स्टुडिओ उघडला. गिऱ्हाइकं आपले उत्तम कपडे घालून येत, आणि स्टुडिओत युरोपीय सूट, घड्याळं, पेनं, रेडिओ, इतकंच काय पण स्कूटरसुद्धा वापरायला मिळे. सुरुवातीला केइतांनी पडदा म्हणून आपली पलंगावरची चादरच टांगली होती. तिच्या नक्षीसमोर बायकांच्या झग्यांची नक्षी अशी काही उभी राहते की आजही नजर हलत नाही. १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्यांचे फोटो ‘अज्ञात छायाचित्रकार’ म्हणून लागले. मग शोध सुरू झाला, केइता बामाकोत हयात असल्याचं कळलं आणि १९९४मध्ये पॅरिसला कार्तिए फाउंडेशनमध्ये त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. छायाचित्रकाराचं नाव शोधायला माणसं खंडापार गेली. फोटोतली माणसं मात्र बहुतेक ठिकाणी ‘शीर्षकहीन’ या शब्दाखालीच राहिली. तो झगा कोणत्या शिंप्याने शिवला, ते डोक्याचं वस्त्र तसं बांधायची कल्पना कोणाची, हे विचारायला उशीर झाला होता. केइतांच्या प्रतिभेबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्या फोटोंत दोघांची प्रतिभा आहे, आणि जगाने एकाचीच नोंद ठेवली.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप बिल कनिंगहॅम यांच्या रूपाने उभा आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी दशकानुदशकं सायकलवरून हिंडत त्यांनी रस्त्यावरचे कपडे टिपले, आणि ते लोकांना थांबवून नावं विचारत बसत नसत. १९७८मध्ये त्यांनी एका बाईचा फोटो काढला तो तिच्या कोटाच्या खांद्यांचा काट आवडला म्हणून. ती प्रसिद्ध अभिनेत्री ग्रेटा गार्बो आहे हे त्यांना नंतर कळलं. विचारायला गेलं की क्षण जातो, माणूस अवघडतो, असं माझे अनेक सहकारी म्हणतात आणि कनिंगहॅमचा दाखला देतात. क्षण जातो हे खरं आहे, पण प्रश्न फोटो काढून झाल्यावरही विचारता येतो. शिवाय कनिंगहॅम मुळात टोप्या बनवणारे कारागीर होते. कापड, काट, शिवण त्यांना वाचता येत असे, आणि त्यांच्या पानावर एकाच तऱ्हेचे कोट किंवा एकाच रंगाचे कपडे शेजारी शेजारी मांडून ते शहर काय घालतंय याबद्दल काही सांगत. त्यांचा विषय अख्खं शहर होता, त्यामुळे नावं नसणं तिथे खपतं. ज्या फोटोत एकच व्यक्ती आहे आणि तिचा पोशाख हाच विषय आहे, तिथे हा दाखला लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप मी अधिक गंभीर मानते. अनोळखी बाईचं नाव छापणं म्हणजे तिला त्रासाच्या तोंडी देणं; समाजमाध्यमांच्या काळात नाव मिळालं की माणूस शोधायला वेळ लागत नाही. हे अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच विचारणं आवश्यक आहे. न विचारता काढलेल्या आणि छापलेल्या फोटोत तिचा चेहरा तर गेलेलाच असतो. त्यावर तिचा कसलाच ताबा राहिलेला नसतो. विचारलं की तिला नाही म्हणायची जागा मिळते. ती म्हणेल, फक्त पहिलं नाव लिहा. किंवा नाव नको, पण ही साडी माझ्या आत्याची आहे आणि ब्लाउज मी कापला आहे, एवढं लिहा. नाव हा या नोंदीचा एक भाग आहे. ते वगळूनही पोशाखाची हकिकत उरते. अल्पवयीन मुलींच्या बाबतीत नाव टाळावं आणि पालकांशी बोलावं, यावर दुमत नाही.

तिसरं म्हणणं कायद्याचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. पोशाख जुळवणाऱ्या व्यक्तीचा त्या फोटोवर कर्ता म्हणून काही हक्क नाही. मीही तो हक्क मागत नाही. फोटो कोणी विकायचा, हे कायद्याने ठरवलं ते योग्यच आहे. पण त्याच कायद्याचं ५७वं कलम कर्त्याला आपलं नाव सांगण्याचा हक्क देतं, आणि फोटोखाली नाव न छापणाऱ्यांशी आम्ही स्वतंत्र छायाचित्रकार त्याच्या आधारे भांडतो. त्या भांडणामागचं तत्त्व असं, की ज्याने केलं त्याचं नाव कळलं पाहिजे. हे तत्त्व आपल्यापुरतंच मर्यादित ठेवायला माझ्याकडे कोणतंही समाधानकारक कारण नाही.

अलीकडे आणखी एक सूर ऐकू येतो, की नाव आणि प्रसिद्धी मिळू लागली की लोक कॅमेऱ्यासाठीच नटू लागतात आणि रस्त्यावरची फॅशन खोटी होते. २०१३मध्ये सुझी मेंकीस या ज्येष्ठ फॅशन-पत्रकाराने फॅशन शोच्या दारात फोटोसाठी घुटमळणाऱ्यांवर कडक टीका केली होती. ब्रँडने फुकट दिलेले कपडे घालून मिरवणाऱ्यांबद्दल ती मला पटते, आणि त्यावर उपाय म्हणून कपडे कुठून आले हे लिहिण्याइतकं प्रभावी दुसरं काही नाही. पण कॅमेऱ्यासाठी नटणं मुळातच खोटं आहे, हे मी मानत नाही. बामाकोतली माणसं कॅमेऱ्यासाठीच नटत होती. हाराजुकूतल्या मुलांनाही आओकी तिथे भेटतील हे ठाऊक असे. पाहणारं कोणी आहे म्हणून माणूस अधिक कल्पकतेने सजतो, यात गैर काय?

‘फ्रूट्स’ २०१७मध्ये बंद झालं, २३३ अंकांनंतर. टिपावीत अशी मुलं आता पुरेशी भेटत नाहीत, असं कारण आओकींनी दिलं. हाराजुकूत रविवारी वाहनं बंद ठेवून रस्ता पायी चालणाऱ्यांना मोकळा करायची पद्धत १९९८मध्ये थांबली होती. पुढे स्वस्त तयार कपड्यांची मोठी दुकानं आली आणि जमण्याची ती जागाच आक्रसत गेली. रस्त्यावरची फॅशन इतकी नाजूक असते. तरी हाराजुकूबद्दल आज कोणालाही अभ्यास करता येतो, कारण कोणी काय घातलं होतं आणि का, हे तिथे लिहून ठेवलेलं आहे. गिरगावच्या शोभायात्रेचे हजारो फोटो दरवर्षी निघतात आणि त्यांच्याबद्दल असं म्हणता येत नाही. नऊवारी शिवून देणारे शिंपी, फेटे बांधणारे, नथींचे नवे आकार घडवणारे, बुलेटवर बसता येईल अशी साडी नेसवून देणाऱ्या बायका, या सगळ्यांनी मिळून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी पोशाख बदलला. त्याची नोंद ठेवणं अवघड नाही. फोटोच्या फाइलमध्येच माहिती भरायची सोय आहे आणि ती भरायला दोन मिनिटं लागतात. समाजमाध्यमांवर चढवताना ती पुष्कळदा गळून जाते, म्हणून मी ती मजकुरातही लिहिते आणि संपादकांना कळवते की ही ओळ फोटोचा भाग आहे, ती कापायची असेल तर आधी मला विचारा. काही जण विचारतात. येत्या पाडव्याला ज्या वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार गिरगावात उभे राहतील, त्यांच्या संपादकांनी किमान पहिल्या पानावरच्या एका फोटोखाली पोशाखाची ही सगळी हकिकत छापावी, एवढी माझी मागणी आहे.